थ्री नॉट थ्री बर्फात का टिकली?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचे फोटो आठवा. सीएसटीवर एके-४७ घेऊन आलेल्या दोघांसमोर उभ्या असलेल्या आपल्या पोलिसांकडे लाठ्या होत्या आणि काहींकडे थ्री नॉट थ्री नावाच्या जुन्या बंदुका. त्या रात्रीनंतर आपल्याकडे थ्री नॉट थ्री म्हटलं की बंदूक कमी आणि सरकारी जुनाटपणा जास्त आठवतो.

२०२५ मध्ये ग्रीनलँडवरून गदारोळ सुरू झाला आणि उत्तर ध्रुवाकडचा एरवी कुणी विचारत नसलेला प्रदेश रोज बातम्यांत दिसू लागला. त्याच ओघात मोबाईलवर कॅनडाच्या रेंजर्सचा एक जुना फोटो आला. अंगात लाल हुडी, खाली बर्फावर चालणारी दुचाकीसारखी गाडी, मागे घसरगाडी आणि पाठीवर लाकडी दस्त्याची लांब बंदूक. माझे सासरे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली थ्री नॉट थ्री!"

बरोबर होतं त्यांचं. कॅनडाच्या सैन्यात रेंजर्स नावाची अर्धवेळ राखीव तुकडी आहे. १९४७ मध्ये ती उभी राहिली आणि तेव्हापासून २०१८ पर्यंत तिची बंदूक हीच होती. या तुकडीत सुमारे पाच हजार माणसं आहेत आणि उत्तरेकडच्या वस्त्यांमधले बरेचसे इनुइट किंवा इतर आदिवासी समाजांतले आहेत. गस्त घालायची, हरवलेल्यांना शोधायचं, आणि उरलेल्या वेळी घरच्यासाठी शिकार करायची. सीएसटीवर जी बंदूक अपुरी ठरली, ती तिथल्या लोकांनी सत्तर वर्षं सोडली नाही. कॅनडा गरीब देश नाही, मग असं का?

आधी जागा कशी आहे ते पाहू

कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. १ एप्रिल १९९९ ला तो वेगळा झाला. आकाराने महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा, आणि लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात एवढी माणसं असतात. ती पंचवीस वस्त्यांमध्ये विखुरलेली आहेत आणि एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही. एकही नाही. उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ फुटला की जहाज येतं, तेव्हा वर्षभराचं इंधन आणि जड सामान उतरवून घ्यायचं. बाकी सगळं विमानाने.

तिथे जवळपास कुठेच झाड उगवत नाही, शेतीचा तर प्रश्नच नाही. हिवाळ्यात उणे तीस अंश ही नेहमीची गोष्ट. आपल्या घरातला फ्रीझर उणे अठराच्या आसपास असतो, म्हणजे तिथला माणूस फ्रीझरमध्ये शिरला तर त्याला उबदार वाटेल. उणे चाळीसला तर सेल्सिअस आणि फॅरनहाइट हा भेदसुद्धा मिटतो, दोन्ही मोजपट्ट्या तिथे एकाच आकड्यावर येतात.

अशा ठिकाणी शिकार हा छंद नसतो. आपण मंडईत जातो, तसे ते बर्फावर जातात. त्यांच्या भाषेत नत्तिक म्हणजे सील आणि तुक्तु म्हणजे कॅरिबू, रेनडिअरचाच जंगली भाऊबंद. मांस पोटात जातं, कातडीचे बूट आणि कपडे होतात, चरबीचे दिवे तर परवापरवापर्यंत जळत होते.

थंडी बंदुकीचं काय करते?

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पंचवीस अंशांच्या खाली गेलं की ते थिजतं. बंदुकीला लावायचं तेल इतक्या लवकर थिजत नाही, पण उणे तीसला तेही खिरीसारखं दाट होतं. मग आतली फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी सळई, त्या दाट तेलातून रखडत पुढे जाते. ठोका हलका बसतो. चाप ओढला की 'टक्' असा आवाज येतो, बार उडत नाही, आणि कॅरिबू मान वर करून तुमच्याकडे पाहतो. म्हणून तिथले जाणते शिकारी हिवाळा आला की बंदुकीतलं तेल रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊन काढतात आणि ती कोरडीच वापरतात. बंदूक जितकी जास्त तेल मागणारी, तितकी ती या प्रदेशात निरुपयोगी.

दुसरा त्रास ओलीचा. एसी गाडीतून मुंबईच्या दमट हवेत उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. गार काच, बाहेरची दमट हवा, आणि हवेतल्या बाष्पाचं पाणी. दिवसभर उणे तीसमध्ये राहिलेली बंदूक उबदार घरात आणली की तिच्या लोखंडावर, आतबाहेर सगळीकडे, हेच होतं. ती तशीच सकाळी बाहेर नेली की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि आतले भाग एकमेकांना चिकटतात. त्यामुळे शिकारीच्या दिवसांत बंदूक घरात घ्यायचीच नाही, बाहेरच्या गारठलेल्या पडवीत किंवा घसरगाडीवरच्या पेटीत ठेवायची, असा रिवाज आहे. आपल्याला वाटेल की मौल्यवान वस्तू अशी कुणी बाहेर टाकतं का. पण तिथे तिची काळजी घ्यायची म्हणजे तिला ऊब लागू द्यायची नाही.

नळीच्या तोंडात बर्फ शिरला तर मामला आणखी वाईट. गोळीला वाट न मिळाल्याने नळी फुगू किंवा फुटू शकते. त्यावर उपाय म्हणून तोंडाला चिकटपट्टीचा एक तुकडा लावतात. गोळी तो सहज फाडून जाते.

बाकी लहानसहान गोष्टी आहेतच. काडतुसातली दारू गारठली की जरा कमी जोराने पेटते, गोळीचा वेग कमी पडतो आणि लांबचा नेम थोडा खाली जातो. बॅटऱ्या मान टाकतात. दुर्बिणीच्या काचेवर श्वास लागला की त्याचं धुकं नाही, थेट बर्फाचा पापुद्रा होतो. आणि उघड्या हाताने लोखंड धरलं तर फ्रीझरच्या ट्रेला बोट चिकटतं तशी कातडी चिकटते.

दाराच्या कडीसारखी बंदूक

थ्री नॉट थ्रीचं खरं नाव ली-एनफील्ड. यातला ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडमधला, पण वाढला कॅनडात. एनफील्ड हे लंडनजवळचं, जिथे ब्रिटिश सरकारचा बंदुकीचा कारखाना होता. १८९५ मध्ये ही बंदूक ब्रिटिश सैन्यात आली. तीनशे तीन हा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर.

तिच्या यंत्रणेला बोल्ट ॲक्शन म्हणतात. दाराची जुनी लोखंडी कडी डोळ्यांपुढे आणा. मूठ धरून वर फिरवायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलताना नवं आत बसतं, खाली दाबलं की दार बंद. प्रत्येक गोळीला हेच. खालच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसं मावतात, आणि तिच्या काळात दहा हा आकडा मोठा होता.

स्वयंचलित बंदूक हे काम आपलं आपण करते. उडालेल्या बारातला थोडा वायू किंवा धक्का वापरून ती रिकामं काडतूस फेकते आणि नवं ओढते. पण त्यासाठी आतलं सगळं मोजूनमापून चालावं लागतं. तेल दाट झालं, कुठे बर्फाचा कण अडकला, दारूचा जोर कमी पडला, तर अर्ध्यावर अडकते. बोल्ट ॲक्शनमध्ये तो जोर तुमच्या हाताचा. कडी अडली तर आपण दाराला काय करतो? तळहाताचा एक रट्टा देतो. इथेही तेच चालतं, जाड हातमोज्यांसकट. शिवाय ली-एनफील्ड पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलात चाललेली. तिच्या आतले भाग थोडे सैल बसतात. कारखान्यातला अभियंता याला उणीव म्हणेल, पण त्या सैल जागेतच चिखल आणि बर्फ मावतो.

नेम धरायला लोखंडाचेच दोन भाग, मागे भोक आणि पुढे टोक. काच नाही, बॅटरी नाही.

आणि ती मुबलक होती, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोजवळच्या लाँग ब्रँचच्या कारखान्यात या बंदुकीचा चार नंबरचा नमुना लाखांनी बनला. युद्ध संपलं आणि गोदामं भरलेली राहिली. दूरच्या वस्तीत राहणाऱ्या, पगार नसलेल्या स्वयंसेवकाला सरकारने काय द्यावं? जे पडून आहे ते. तेव्हा या निवडीत दूरदृष्टी किती आणि गोदाम रिकामं करण्याची सोय किती, हा प्रश्न विचारायला जागा आहे. माझा कल सोयीकडे आहे. सोय म्हणून दिलेली वस्तू कामाची निघाली, इतकंच.

इतर देशांतही हाच प्रकार. रशियाच्या उत्तर टोकाला झारच्या काळात, १८९१ मध्ये स्वीकारलेल्या मोसिन बंदुकीचे अवतार शिकाऱ्यांकडे दिसतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जर्मन सैन्य मागे टाकून गेलेल्या माउझर बंदुका अस्वलांपासून बचावासाठी वापरात राहिल्या. ग्रीनलँडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस तुकडीकडे पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या घडणीची बंदूक वर्षानुवर्षं राहिली. ज्या सैन्याचं जे उरलं, ते तिथल्या बर्फात राहिलं. आणि या सगळ्या बंदुका कडीवाल्याच.

मग सीएसटीवर ती का कमी पडली? कारण समोरचा उलट गोळ्या झाडत होता, तोही स्वयंचलित बंदुकीने. एकेक गोळी, मध्ये कडी ओढायची, हा हिशोब तिथे जुळणारच नव्हता. कॅरिबू उलट गोळी झाडत नाही. त्याच्यासाठी पहिली गोळी नक्की उडणं महत्त्वाचं, मिनिटाला किती उडतात हे नाही.

बंदूक लष्करी, गोळी मात्र नाही

इथे आपला एक जुना धागा येतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात .३०३ ची काडतुसं बनत असत. सैन्याच्या काडतुसातली गोळी पूर्ण तांब्यासारख्या कठीण धातूने मढवलेली असते. वजन सव्वाअकरा ग्रॅम, नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला साधारण ७४४ मीटर. ती शरीरातून बहुधा आरपार जाते. शिकारीत हे नको असतं. आरपार गोळी गेलेला प्राणी लगेच पडत नाही, जखमी होऊन मैलोन्मैल पळतो आणि कुठेतरी हाल होऊन मरतो. त्यामुळे शिकारी पुढचं टोक उघडं, मऊ शिशाचं ठेवलेली गोळी वापरतात. ती आत गेल्यावर पसरते आणि प्राणी जागीच पडतो. मोठ्या प्राण्यांसाठी मढवलेली लष्करी गोळी वापरायला बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही मनाई आहे.

गंमत म्हणजे अशी पसरणारी .३०३ गोळी गाजली ती कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यामुळे, १८९० च्या दशकात. 'डमडम बुलेट' हे नाव तिथलं. १८९९ च्या हेग परिषदेत ती युद्धासाठी निषिद्ध ठरली, कारण माणसाला होणारी जखम भयंकर असते. म्हणजे युद्धात जी क्रूर म्हणून बाद, शिकारीत तीच दयाळू म्हणून आवश्यक. मला हे वाचल्यावर थोडा वेळ काही सुचलं नव्हतं.

आणि सीलसाठी .३०३ कुणी सहसा वापरत नाही. तेवढ्या लहान प्राण्याला ती फार होते, मांसाचा चेंदामेंदा होतो. त्याला .२२ सारखी लहान बंदूक. थ्री नॉट थ्री कॅरिबूसाठी, वालरससाठी, आणि नानुक म्हणजे ध्रुवीय अस्वल समोर आलंच तर.

ॲक्टिव्हाची बर्फाळ चुलत बहीण

आता गाडी. स्नोमोबाईलला पुढे दोन स्की, म्हणजे घसरपट्ट्या, हँडल वळवलं की त्या वळतात. मागे चाकांच्या जागी रबराचा रुंद पट्टा, रणगाड्यासारखा पण एकच. वजन त्या सगळ्या पट्ट्यावर पसरतं, म्हणून माणसाचा पाय गुडघ्याएवढा रुततो तिथे ही दोन-अडीचशे किलोची गाडी वरून निघून जाते. भुसभुशीत वाळूत उभं राहिलं की पाय रुततो आणि आडवं झालं की रुतत नाही, तसं.

गिअर नाहीत. आपल्या ॲक्टिव्हात जसा पट्टा दोन कप्प्यांवर फिरतो आणि वेगानुसार आपोआप वरखाली सरकतो, तीच पद्धत इथे. तो पट्टा तुटला की गाडी म्हणजे लोखंडाचा ढीग, म्हणून जादा पट्टा सोबत असतोच.

या गाडीच्या मुळाशी एक दुःख आहे. क्यूबेकमधले मेकॅनिक जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग ते आधीपासून करत होते, त्यानंतर ते झपाटून मागे लागले. आधी अनेक माणसांना नेणाऱ्या मोठ्या गाड्या झाल्या आणि १९५९ मध्ये 'स्की-डू' नावाची छोटी गाडी बाजारात आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती उत्तरेकडच्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत पोहोचली.

शिकाऱ्याची गाडी शहरी हौशी लोकांसारखी दणदणीत नसते. भारी गाड्यांचं इंजिन पाण्याने गार होतं, आणि ते पाणी पट्ट्याने उडवलेल्या भुसभुशीत बर्फाने. समुद्रावरच्या कडक, गुळगुळीत बर्फावर उडायला भुसा नसतो, मग उणे तीसमध्ये इंजिन तापून बंद पडण्याचा विनोदी प्रसंग येतो. त्यामुळे पंख्याच्या हवेने गार होणारी साधी गाडी कामाची मानतात. बंदुकीचाच न्याय इथेही लागू: बिघडायला जितकं कमी, तितकं बरं.

मागे जोडलेली घसरगाडी म्हणजे कामुतिक. दोन लांब फळ्यांवर आडव्या पट्ट्या, आणि जोड खिळ्यांनी नाही तर दोरीने बांधलेले. बाज काथ्याने विणतात तशी कल्पना करा. खिळे थंडीत आणि धक्क्यात सैल होतात, तुटतात. दोरी वाकते, कुरकुरते आणि टिकते. तिच्यावरच्या पेटीत तंबू, स्टोव्ह, पेट्रोल, सुटे भाग, चहा. बंदूकही तिथेच, जाड खोळीत, नळीत काडतूस न ठेवता. खडबडीत बर्फावर आदळत जाणाऱ्या गाडीवर भरलेली बंदूक नेणं हा मूर्खपणा आहे.

वाऱ्याचा हिशोबही वेगळा. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात दुचाकीवरून गेलेल्याला सांगायला नको की उभ्याने वाजते त्यापेक्षा गाडीवर थंडी किती जास्त वाजते. उणे तीसमध्ये ताशी चाळीस किलोमीटरचा वारा अंगावर आला तर कातडीला ते उणे अठ्ठेचाळीससारखं लागतं. वारा पडलेला असला तरी गाडी तो स्वतः तयार करते. उघडं नाक, गाल यांना काही मिनिटांत हिमदंश होतो, म्हणजे कातडीच गोठते. म्हणून दोघं-तिघं सोबत जातात, आणि मध्ये थांबून एकमेकांच्या चेहऱ्यावर पांढरा डाग पडलाय का ते पाहतात. स्वतःला तो कळत नाही, तिथली संवेदना आधीच गेलेली असते.

गाडीवरून पाठलाग करून मारतात का?

असं डोळ्यांपुढे येतं खरं, पण कसलेला शिकारी तसं करत नाही. एक तर थकवून, घाबरवून मारलेल्या प्राण्याचं मांस चांगलं लागत नाही. दुसरं, हलत्या गाडीवरून नेम लागत नाही, आणि बऱ्याच प्रदेशांत कायदाही आडवा येतो. गाडी पोहोचण्यासाठी. कॅरिबूचे माग दिसले की ती लांब उभी करायची, इंजिन बंद, आणि वाऱ्याची दिशा पाहून पुढे पायी.

सीलची गोष्ट आणखी संथ. सील हवेत श्वास घेतो, म्हणून गोठलेल्या समुद्रात पुढच्या पंजांच्या नखांनी खरवडून तो श्वासाची भोकं उघडी ठेवतो. अशा भोकाला अग्लु म्हणतात, आणि एका सीलची अशी अनेक असतात. शिकारी भोकापाशी उभा राहतो. तासभर, दोन तास, कधी जास्त. पायांची हालचाल नाही, कारण बर्फावरची कुरकुर पाण्याखाली ऐकू जाते. इथे बंदुकीइतकंच भाल्याला महत्त्व आहे: दोरी बांधलेला, टोक आत अडकून राहणारा भाला नसेल तर मेलेला सील पाण्याखाली जाईल आणि हाती काही लागणार नाही. वसंतात सील बर्फावर ऊन खायला येतात, तेव्हा शिकारी पांढऱ्या कापडाचा छोटा पडदा पुढे धरून पोटावर सरपटत जातो.

वाट शोधायचंही शास्त्र आहे. वर्षानुवर्षं एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्याने बर्फावर जिभेच्या आकाराचे कडक उंचवटे तयार होतात. अंधारात किंवा धुक्यात गाडी त्यांना कोणत्या कोनात ओलांडते आहे, हे अंगाला बसणाऱ्या धक्क्यांवरून ओळखून माणसं घरी येतात. सोबत जीपीएसही असतो. खिशात, अंगाच्या उबेला, कारण बॅटरी.

मग कुत्र्यांच्या गाड्या का सोडल्या?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा सूर बहुधा असा असतो की, परंपरा म्हणता आणि पेट्रोल जाळता. पण शेतकऱ्याने बैल सोडून ट्रॅक्टर घेतला तर आपण त्याला शेतकरी नाही म्हणत नाही. शिवाय हा बदल सगळा खुशीचा नव्हता. १९५० ते ७० च्या दशकांत सरकारने विखुरलेल्या कुटुंबांना वस्त्यांमध्ये आणलं. त्याच काळात पोलिसांनी आणि इतर अधिकाऱ्यांनी मोठ्या संख्येने घसरगाडीची कुत्री मारली. नुनावुतमधल्या बाफिन बेटाच्या परिसरातल्या इनुइटांची त्याबद्दल कॅनडा सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये माफी मागितली. कुत्री गेली आणि गाडी आली, यात निवड किती आणि नाइलाज किती, हे तिथली म्हातारी माणसं वेगवेगळं सांगतात.

मला वाटतं, या सगळ्या विषयातला खरा पेच बंदूक नव्हे, गाडी आहे. कुत्रा सील खातो. म्हणजे शिकारीचा खर्च शिकारीतूनच भागतो, बाहेरच्या कुणाकडे हात पसरावा लागत नाही. गाडी पेट्रोल खाते, आणि पेट्रोल वर्षातून एकदा जहाजाने येतं. नवी गाडी दहा-पंधरा हजार कॅनेडियन डॉलर सहज खाते आणि खडबडीत बर्फावर काही वर्षांत खिळखिळी होते. त्यामुळे आज नियमित शिकारीला जायचं तर घरात कुणाचा तरी पगार हवा. ज्याला नोकरी आहे त्याला वेळ नाही, ज्याला वेळ आहे त्याच्याकडे पेट्रोलचे पैसे नाहीत. सत्तर-ऐंशी वर्षांची बंदूक मात्र आजोबांकडून नातवाकडे जाते, वर्षाला थोडी काडतुसं मागते आणि गप्प बसते.

विमानाने डाळ-तांदूळ नेता येत नाही का?

नेतात. दुकानं आहेत, त्यांत सगळं मिळतं, आणि दक्षिण कॅनडाच्या दुप्पट-तिप्पट भावाने मिळतं. सरकार अनुदान देतं, तरी नुनावुतमधल्या कित्येक घरांना पुरेसं अन्न मिळत नाही. दुकानातला स्वस्त माल म्हणजे बहुधा डबाबंद आणि गोड. सीलचं काळसर मांस लोहाने भरलेलं असतं. आणि फळ न पिकणाऱ्या प्रदेशात क जीवनसत्त्व कुठून मिळतं, तर मक्ताक नावाच्या देवमाशाच्या कातडी-चरबीतून, तीही कच्ची खाल्ली की. शाकाहारी वाचकाला हे पटेल असं नाही. माझ्या घरीही पटलं नाही. पण मुळा-मेथी उगवणाऱ्या जमिनीवर बसून त्यांच्या ताटाकडे नाक मुरडणं सोपं आहे.

मारलेलं एकट्याच्या घरात राहत नाही, हेही त्यात आलं. पहिला वाटा म्हाताऱ्यांना आणि ज्यांच्या घरात शिकारी नाही त्यांना.

प्राणी संपणार नाहीत का?

ही शंका अजिबात वेडगळ नाही. बाफिन बेटावर कॅरिबू इतके घटले की १ जानेवारी २०१५ ला शिकार पूर्ण बंद केली, आणि नंतर त्याच वर्षी फक्त २५० नरांची मुभा दिली. कॅरिबूंची संख्या पिढ्यापिढ्यांनी वरखाली होते, हे इनुइट फार आधीपासून सांगतात, पण वेगवान गाडी आणि बंदूक असताना घसरणीच्या काळात संयम ठेवला नाही तर उरतील किती, हा प्रश्न राहतोच. अस्वलांसाठी वस्तीनिहाय कोटा ठरलेला असतो. ग्रीनलँडने तर अस्वलाच्या शिकारीला स्नोमोबाईल वापरायचीच नाही असा नियम केला आहे. अंगावर गोल कड्यांची नक्षी असलेला छोटा सील मात्र अजून भरपूर आहे, त्याला आज शिकाऱ्यापेक्षा बर्फ कमी होण्याचा धोका जास्त. समुद्र उशिरा गोठतो, लवकर फुटतो, आणि आजोबांनी दाखवलेली वाट कधीकधी गाडीसकट पाण्यात नेते. आता काही वस्त्यांमध्ये कामुतिकमागे बर्फाची जाडी मोजणारं यंत्र ओढत नेतात आणि सुरक्षित वाटांचे नकाशे करतात.

लष्करी बंदूक सामान्य माणसाकडे?

आपल्याला हे खटकतं, कारण आपला कायदा उलट आहे. भारतात .३०३ हा निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचा निषिद्ध व्यास, सामान्य माणसाला परवाना मिळत नाही. इंग्रजांच्या काळात सैन्याची चोरलेली काडतुसं कुणाच्या बंदुकीत बसू नयेत म्हणून हा भेद आला, आणि त्यातून .३१५ ही वेगळी नळी निघाली. आपल्याकडे परवानाधारकाकडे दिसते ती .३१५, आणि तिची यंत्रणा ली-एनफील्डचीच. वर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद.

कॅनडात परवाना, प्रशिक्षण, चौकशी सगळं आहे, पण कडीवाली जुनी बंदूक तिथे साध्या गटात मोडते. वाद आहे तो स्वयंचलित धाटणीच्या बंदुकांवरून. रशियाची जुनी एसकेएस बंदूक स्वस्त म्हणून अनेक आदिवासी शिकारी वापरतात. २०२२ च्या अखेरीस तिच्यावर बंदी येईल अशी कायद्यातली दुरुस्ती पुढे आली, आदिवासी संघटनांनी कडाडून विरोध केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती मागे घेतली गेली. त्या भांडणाचा केंद्रबिंदू थ्री नॉट थ्री नव्हती.

मग बदलली का?

सुटे भाग मिळेनात म्हणून. एक दुरुस्त करायला दुसरी मोडायची, असं किती दिवस चालणार? २०१८ पासून रेंजर्सना सी-१९ नावाची नवी बंदूक मिळू लागली. तिच्याकडे पाहून हसू येतं: कडीवालीच, दहा काडतुसांचीच, लोखंडी नेमाचीच. चापाभोवतीचं कडं तेवढं मोठं केलं, हातमोज्यासकट बोट जावं म्हणून, आणि दस्ता रेंजर्सच्या हुडीसारखा लाल. पुढे त्या लाल लाकडी दस्त्यांना तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या.

जुनी बंदूक हवी असेल त्या रेंजरला, परवाना असल्यास, ती भेट म्हणून घरी ठेवायची मुभा दिली गेली. हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतला, बराच वेळ पाहिला.

"घरी नेऊ दिली?" ते म्हणाले. "आमच्याकडून शस्त्रागारात जमा करून घेतली, आणि एक पट्टा कमी भरला म्हणून तीनदा बोलावलं होतं."